रविवारच्या फोटोंबद्दल एका काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच लिहायला बसले होते, पण डोकं तापलं होतं म्हणून तशीच उठले. आज सकाळी बाबा कामावर गेल्यावर पुन्हा वाचली आणि त्यातली एक गोष्ट मनाला लागून राहिली. तिच्यासाठी एवढं लांब लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी जर्मनीत आखेनला शिकते, सध्या कोल्हापूरला घरी आलेय. काका कोल्हापूरचेच आहेत. त्यांचं म्हणणं असं : वर्षभरात माझ्या ब्लॉगवर कलोन, मास्त्रिख्त, डुइसबुर्ग, फ्लॉरेन्स एवढंच दिसलं, अभ्यास कुठंच दिसला नाही. आईबापानं घर गहाण टाकायचं आणि पोरांनी दर रविवारी नवं गाव बघायचं, हे कसलं शिक्षण? त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी जर्मनीला जायचं म्हणतोय, जर्मनच्या क्लासला दांड्या मारतोय आणि माझ्या पोस्ट दाखवून सांगतोय की तिकडं सगळं सोपं असतं.

काका, ते मुलाचं वाक्य मला लागलं. मी तसं कुठंही लिहिलेलं नाही, पण त्याला तसं वाटलं असेल तर चूक माझी आहे. मी फक्त रविवार लिहिला. सोमवार ते शनिवार लिहिलाच नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. तुमची ही तक्रार मी पूर्ण मान्य करते. भटकंतीबद्दलचं मात्र मान्य करत नाही.

आधी पैशाचं, कारण तुम्ही घराचा विषय काढलात. आमचं घर गहाण आहे हे खरं. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये आखेनला गेले. व्हिसाचा अर्ज केला तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,२०८ युरो भरावे लागले, म्हणजे त्या वेळच्या दरानं दहा लाखांच्या आसपास. सप्टेंबर २०२४ पासून तीच रक्कम ११,९०४ झाली. तुमच्या मुलासाठी पुढच्या वर्षीचा आकडा नव्यानं बघून घ्या. ही फी नाही. आपलेच पैसे असतात, तिथं पोचल्यावर ते महिन्याच्या हप्त्यानं आपल्याला परत मिळतात. मला महिन्याला ९३४ मिळायचे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. मुलगा तिथलं श्टुटगार्ट किंवा कार्ल्सरूह बघत असेल तर हे आधीच हिशोबात धरा.

माझ्या ९३४ मधले ३१८ खोलीचे, जवळपास १४० विम्याचे, जेवणखाण १७० पर्यंत. फोन, साबण, वह्या असं किरकोळ धरून सातशेच्या आत भागवते. उरलेल्यातून पुढच्या सत्राची फी बाजूला काढते. आणि त्या फीतच रेल्वेचा पास येतो. माझ्या पहिल्या सत्रात त्याचे महिन्याला २९.४० युरो पडले, २०२५ च्या उन्हाळी सत्रात ३४.८०. हवा का नको असं कुणी विचारत नाही, फी भरली की पास आलाच. जर्मनीभर रीजनल गाड्या, ट्रॅम, बस सगळ्याला तो चालतो. आयसीईसारख्या जलद गाड्यांना चालत नाही, त्यामुळं दोन तासांच्या वाटेला कधी तीन लागतात. म्हणजे मी रविवारी खोलीत बसून राहिले असते तरी ते पैसे गेलेच असते. डुइसबुर्गच्या दिवशी माझ्या खिशातून तीन युरो ऐंशी सेंट गेले, एक कॉफी आणि एक बन. डबा मी नेला होता.

आणि रविवार. तिथं रविवारी दुकानं कायद्यानंच बंद असतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी आणली नाही तर सोमवारपर्यंत स्टेशनवरचं महाग दुकान, नाहीतर उपास. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. पहिल्या डिसेंबरात मी दोन रविवार खोलीतून बाहेरच पडले नाही. तिसऱ्या रविवारी आईला फोन केला आणि काही बोलताच येईना. आई म्हणाली, "उठ, अंघोळ कर, आणि कुठंही जा, पण बाहेर जा." महाद्वार रोडवर कुठल्याही वेळी गेलं तरी चार ओळखीची माणसं भेटतात, अशा गावातून आलेल्या मुलीला ती शांतता सोसत नाही. त्या दिवशी मी चालत तीन देशांच्या सीमेवर गेले. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथं मिळतात ती टेकडी ३२२ मीटरची आहे. आपला पन्हाळा तिच्या दुपटीहून उंच. पण परत आले ती चार तास अभ्यासाला बसले.

आता डुइसबुर्ग. त्या पोस्टवर तुम्ही लिहिलंत, "बंद पडलेला कारखाना बघायला जर्मनी कशाला?" हे मात्र मला नीट सांगायचंय.

माझे बाबा सत्तावीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामात आहेत. आधी उद्यमनगरात कपोलावर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते, आता शिरोलीत इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर. मी शिकतेय ते धातुशास्त्र. ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढायची उंच भट्टी, मी पुस्तकातच पाहिली होती, उभा छेद, बाण, तापमानं. डुइसबुर्गच्या मायडरिख भागातला लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. तो पाडला नाही, त्याचं मोठं उद्यान केलं. आत जायला पैसे नाहीत आणि पाच नंबरच्या भट्टीवर जिन्यानं वरपर्यंत जाता येतं. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक डायव्हिंग शिकतात, बंकरच्या भिंतींवर मुलं चढाईचा सराव करतात.

भट्टीतून वितळलेलं लोखंड जिथं बाहेर सोडायचे त्या मजल्यावर उभी राहून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इथं कोल्हापुरात रात्र झाली होती, बाबा जेवून बसले होते. म्हणाले, "फोन खाली धर. आणखी खाली. तो चर दाखव." मी चर दाखवला. म्हणाले, "पुढं जा, त्याला फाटा फुटलेला असंल." होता. "मळी हलकी, ती वर तरंगत येणार. तिला तिथं अडवून बाजूच्या चरात घालत असणार आणि लोखंड खालून सरळ जात असणार. आमच्यात ओतायच्या लेडलवरची मळी आम्ही हातानं ओढतो, त्यांनी वाटेतच सोय केलीया." पुस्तकातल्या त्या आकृतीसमोर मी दोन आठवडे बसले होते आणि मला ती कळली नव्हती. सात हजार किलोमीटरवरून, राजारामपुरीतल्या खोलीतून, दहावी शिकलेल्या बाबांनी ती मला चार वाक्यांत सांगितली.

मग मी वर गेले. वरून सगळा परिसर दाखवला, रुळांमधून उगवलेली बर्चची झाडं, गंजलेले पाइप. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "एवढी मोठी बंद पडली व्हय." मग तिथल्या कामगारांचं पुढं काय झालं ते विचारलं. मला सांगता आलं नाही. त्या आठवड्यात मी लायब्ररीत डुइसबुर्ग ज्यात येतं त्या रूर खोऱ्याचा इतिहास शोधून वाचला, कोळसा आणि पोलाद मागं हटल्यावर तिथं विद्यापीठं कशी निघाली ते वाचलं. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण बॉट्रॉपला २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. पुढच्या सत्रात सेमिनारला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी मोल्डिंगची, म्हणजे ओतकामाच्या साच्यांची जळकी वाळू साफ करून पुन्हा वापरायचा विषय घेतला. आपल्याकडं त्या वाळूचे ढीग कुठं कुठं पडतात ते तुम्हाला सांगायला नको. हा विषय मला वर्गात सुचला नसता.

फ्लॉरेन्सवर खर्च झाला, ते लपवत नाही. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर बसनं गेले, जाऊन-येऊन ७४ युरो, आठ जणींच्या खोलीत दोन रात्री. ते पैसे माझ्या कामाचे होते. जानेवारीपासून मी लॅबमध्ये आठवड्याला नऊ तास नमुने घासायचं आणि पॉलिश करायचं काम करते. आणि मी गेले ती राजाराम महाराजांसाठी. १८७० मध्ये आपले छत्रपती युरोपला गेले, तिथं रोजनिशी लिहिली आणि परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्सला वारले. वय वीस. आर्नो नदीला मुन्योने जिथं मिळते त्या काठावर त्यांना अग्नी दिला. १८७४ पासून तिथं छत्री आहे, आत त्यांचा अर्धपुतळा. मी पोचले तेव्हा पाऊस होता, बागेत कुणी नव्हतं. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेला आपल्या गावचा मुलगा तिथं एकटा राहिलाय, असंच मला वाटलं. मी तिथं बसून रडले. त्या पोस्टमध्ये हे लिहिलं नव्हतं, फक्त फोटो टाकला होता.

राहिला तुमचा मुलगा. त्याला हे वाचून दाखवा. माझ्या अभ्यासक्रमात एका विषयाला तीनच संधी आहेत. तिन्ही गेल्या की प्रवेश रद्द, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडंही करता येत नाही. एका विषयात माझी पहिली संधी गेलीय. फेब्रुवारीत ५.० आला, म्हणजे नापास. घरी सांगायला मला नऊ दिवस लागले. हजेरी कुणी घेत नाही, त्यामुळं आपण मागं पडतोय हे सांगणारंही कुणी नसतं. शिकवणं इंग्रजीत असलं तरी घरमालकाचं पत्र, विमा कंपनीचं पत्र, पत्त्याची नोंदणी, डॉक्टर, सगळं जर्मनमध्ये. मी ए-टू, म्हणजे जर्मनची दुसरी पायरी करून गेले आणि पहिले चार महिने दर पत्र मैत्रिणीकडून वाचून घेतलं. त्याला त्यापुढच्या बी-वनपर्यंत तरी पोचू दे. क्लासला दांडी मारू देऊ नका.

मी महिनाअखेरपर्यंत इथंच आहे. बाबांशी बोलले. ते म्हणतात, मुलाला एक दिवस शिरोलीला घेऊन या, भट्टी दाखवतो. मी पण येईन. सोमवारपासून शनिवारपर्यंतचा एक पूर्ण आठवडा लिहायला घेतलाय, नापास झालेल्या पेपरसकट. झाला की इथंच टाकते.