‘मुलगी रडत बाहेर आली’ : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी, की गॅदरिंगच्या सकाळी चार वर्षांच्या लेकीला कोळीनृत्यासाठी अंबाडा घालायला आमच्या पार्लरमध्ये आणलंत, आमच्याकडे कामाला असलेल्या मुलीने कंगवा खसाखसा ओढला, पोर रडत बाहेर आली, आणि घाणेकर नाट्यगृहात पोचेपर्यंत अंबाडाही सैल होऊन सुटला. एक स्टार.

रडण्याबद्दल आधी. चूक आमची. त्या सकाळी बाकावर सात-आठ पोरी नऊवारीत बसल्या होत्या, प्रत्येकीच्या आईचं लक्ष घड्याळाकडे. घाईत आमच्या मुलीने कंगवा थेट भांगापासून खाली ओढला. लहान मुलांचा गुंता बहुतेक मानेवर आणि कानामागे असतो, उशीवर घासून झालेला. वरून ओढलं की तो आणखी आवळतो. गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला नाही. थोडं पाणी फवारायचं, मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा, आधी टोकाचं दोन बोटं मोकळं करायचं आणि मग हळूहळू वर सरकायचं. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला हे मी माझ्याच केसांवर करायला लावते. हिलाही लावलं होतं. सोमवारी पुन्हा लावलं.

अंबाड्याचं मात्र मला पटलेलं नाही. तो सैल ठेवायला मीच सांगितलं होतं. तुमच्या लेकीचे केस जेमतेम खांद्यापर्यंत, तेही रेशमासारखे. त्यात तुम्हाला गंगावन, म्हणजे जोडायचे खोटे केस, हवं होतं, वर अबोलीचा गजरा. एवढं वजन पेलायचं तर मुळाशी करकचून बांधावं लागतं. आवळताना पोरीच्या भुवया वर चढल्या की मी हात थांबवते, मग समोर आई असो की डान्स टीचर. एका दिवसाने केस जात नाहीत, खरं आहे. पण डोकं दुखतं. आणि रोज शाळेला अशाच घट्ट वेण्या घातल्या तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात, ते अशा पोरींच्या डोक्यावर मला दिसतं. म्हणून गंगावन लावलं नाही, जाळी आणि चार आकड्यांवर भागवलं.

तरी सैल असणं वेगळं आणि सुटणं वेगळं. सुटला, कारण केस त्याच सकाळी शाम्पूने धुतलेले होते. ताज्या धुतलेल्या बारीक केसांत आकडे ठरत नाहीत, सरकतात. आदल्या दिवशी धुवा, हे तुम्ही फोनवर वेळ घेतलीत तेव्हाच आम्ही सांगायला हवं होतं. आता वेळ देतानाच सांगतो.

पैसे परत घ्या, जीपे नंबर मेसेज करा. त्यासाठी रिव्ह्यू काढायची गरज नाही, राहू द्या.

पुन्हा यावंसं वाटलं तर आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी या, दुकान रिकामं असतं. तिला तुमच्या मांडीवर बसवू, घरचा कंगवा आणलात तरी चालेल. तिला हवं असेल तर आधी बाहुलीची वेणी घालू. आणि हो, तिची निळी फुलपाखराची क्लिप इथेच राहिलीय. आरशाखालच्या खणात ठेवली आहे.