लेंड्यांवर व्हॅक्यूम नको, आणि डांबरगोळ्या परत बॅगेत टाका

‘बर्फाच्या देशात उंदीर हटवा : सात रामबाण उपाय’ हा मेसेज अमेरिकेतल्या मराठी गटांवर महिनाभर फिरतोय. परवा तो माझ्या भाचीच्या घरी पोचला. ती डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहते. घरात चार महिन्यांचं बाळ, बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई आणि बेसमेंटमध्ये उंदीर. सासूबाईंनी दुसऱ्या उपायासाठी सांगलीहून आणलेल्या डांबरगोळ्या काढल्या, तिसऱ्यासाठी व्हॅक्यूम. ‘मावशी, करू ना?’ म्हणून भाचीचा फोन आला. नको करूस.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो जिवावर बेतू शकतो. मेसेज म्हणतो, ‘लेंड्या दिसताच कोरड्याच झाडून व्हॅक्यूम करा, नाहीतर वासाने आणखी उंदीर येतील.’ हे ज्याने लिहिलं त्याने हंताव्हायरसचं, म्हणजे उंदरांपासून माणसाला होणाऱ्या फुफ्फुसांच्या जीवघेण्या आजाराच्या विषाणूचं, नावही ऐकलेलं दिसत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात डिअर माउस नावाचा उंदीर आहे : पाठ तपकिरी, पोट पांढरं, डोळे मोठे. थंडी पडली की तोही घरात, गराजमध्ये, शेडमध्ये शिरतो. त्याच्या लेंड्यांत आणि मुतात हा विषाणू असू शकतो. वाळलेल्या लेंड्या झाडल्या की धूळ उडते आणि ती श्वासावाटे आत जाते. १९९३ मध्ये कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा जिथे मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं अचानक दगावली, तेव्हा हा आजार लक्षात आला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या तंबूघरांत भिंतीच्या दोन थरांमध्ये उंदरांनी घरटी केली होती. त्या वर्षी तिथे जाऊन आलेल्या दहा जणांना लागण झाली, तिघे गेले.

आजार दुर्मिळ आहे, हे मान्य. १९९३ पासून २०२२ अखेरपर्यंत साऱ्या अमेरिकेत ८६४ रुग्ण नोंदले गेले. पण श्वासाचा त्रास सुरू झालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के दगावतात, विषाणूवर नेमकं औषध नाही, आणि भाची नेमकी कोलोरॅडोत राहते.

मग साफ कसं करायचं? सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, हे स्पष्ट लिहून ठेवलंय : झाडू नका, व्हॅक्यूम करू नका. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा आणि तेवढा वेळ स्वतः बाहेर थांबा. रबरी मोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण लेंड्यांवर फवारून पाच मिनिटं भिजू द्या. मग कागदी टॉवेलने टिपून कचऱ्यात टाका, जागा पुन्हा पुसा, मोजे काढण्याआधी आणि नंतर हात धुवा. बाळ आणि बाळंतीण त्या खोलीत नकोत. एवढं वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण फॉरवर्ड करणं त्याहून सोपं.

आता डांबरगोळ्या. ‘ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) आणि फर्नेसच्या जाळीजवळ मूठभर टाका.’ फर्नेस म्हणजे घरभर गरम हवा खेळवणारी भट्टी, आणि तिच्या जाळीजवळ! म्हणजे वाफ आपसूक घरभर, बाळाच्या पाळण्यापर्यंत. गोळी हवेत विरते ती वाफ होऊनच. बंद पेटीत वाफ कोंडते म्हणून लोकरीतली कसर मरते. उघड्या ॲटिकमध्ये ती पांगते आणि उंदीर गोळीला वळसा घालून जातो. आणि नॅफ्थलीन या रसायनाच्या डांबरगोळ्यांमुळे जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळेही असं झालेलं आहे. ही कमतरता आपल्याकडेही आढळते आणि बहुतेकांना ती आहे हे ठाऊक नसतं. शिवाय अमेरिकेत डांबरगोळी कायद्याने कीटकनाशक आहे आणि लेबलावर लिहिलंय त्याखेरीज ती वापरणं बेकायदा आहे. सासूबाईंचा हेतू चांगला, पण गोळ्या बॅगेतच बऱ्या.

बाकीचे भराभर, पण आधी मेसेजमधला एक दावा. ‘बर्फ पडला की उंदीर मरतात, फटी उन्हाळ्यात बुजवा’ : घरउंदीर मांसाच्या शीतगृहांत, शून्याखालच्या तापमानातही पिल्लं घालतात. बर्फ पडला की ते तुमच्याकडे येतात. अल्ट्रासाउंडचं, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवायचं यंत्र : २००१ मध्येच अमेरिकेच्या व्यापार आयोगाने साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागतो. पुदिन्याचं तेल : घर छान वासाचं होईल. मैदा आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे लाडू : उद्या रांगायला लागणाऱ्या बाळाच्या घरात असले लाडू जमिनीवर ठेवायचे?

सहाव्या उपायाला मात्र थोडे गुण द्यावे लागतील. ‘फटी फोमने भरा.’ फटी भरणं हाच खरा उपाय, फक्त नुसता फोम उंदीर कुरतडून पार होतो. आधी स्टील वूल किंवा तांब्याची जाळी घट्ट कोंबा, वरून कॉल्क, म्हणजे फटी बुजवायचा लेप. पेन्सिलीच्या जाडीएवढं, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरचं भोक उंदराला पुरतं. गॅसची नळी आणि एसीचे पाइप भिंतीत शिरतात ती जागा, ड्रायरचा व्हेंट, गराजच्या दाराखालच्या रबराचे दोन कोपरे हे टॉर्च घेऊन बाहेरून बघा. आत शिरलेल्यांसाठी साधे चाप, भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, वर थोडंसं पीनट बटर. बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी.

सातव्या, विषाच्या उपायाबद्दल एवढंच : विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो आणि हीटिंग चालू असलेल्या घरात तो वास आठवडे जात नाही.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. आपल्या बहुतेक घरांत तांदळाच्या आणि कणकेच्या मोठ्या पिशव्या गराजमध्ये, जमिनीवर, तोंड दुमडून ठेवलेल्या असतात. भाचीकडेही होत्या, दोन. त्या आधी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरायला सांगितल्या आहेत.