मगरीच्या कुळातील शाकाहारी प्राणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डायनासोर युगाच्या अखेरीस जगलेल्या सिमोसुकस या मगरीच्या लुप्त नातलगावरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ताडोब्याच्या तलावात मगर पाहिलेल्या कोणाही नागपूरकराला तिचा नातलग जमिनीवर राहून पाला खात होता हे पटणार नाही, हा पहिला; आणि मूठभर हाडांवरून आहारविहार सांगणे हा निव्वळ कल्पनाविलास आहे, हा दुसरा. आपण लेख बारकाईने वाचला आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. मादागास्करच्या वायव्येकडील महाजांगा खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मावरून २००० साली या प्राण्याचे नामकरण झाले. पुढे आणखी नमुने मिळत गेले आणि २०१० मध्ये त्याच्या जवळजवळ संपूर्ण सांगाड्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. इतका पूर्ण पुरावा फार थोड्या जीवाश्मांच्या वाट्याला येतो.

आता पहिला आक्षेप. ताडोब्यातील मगरीचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूस असतात, म्हणूनच अंग पाण्यात बुडवून ती दबा धरू शकते, आणि पोहते ती लांब, बळकट शेपटीच्या जोरावर. सिमोसुकसच्या डोळ्यांच्या खोबण्या बाजूंना वळलेल्या होत्या, नाकपुड्या समोर होत्या, तोंड आखूड व बोथट होते आणि शेपटीत फार तर वीसच मणके होते. जेमतेम पाऊण मीटर लांबीच्या या प्राण्याच्या पाठीवर, पोटावर आणि पायांवरही हाडांच्या खवल्यांचे चिलखत होते. अशा देहाने पाण्यात शिकार साधणे कठीणच. तो बिळे खणत असावा, असेही सुरुवातीला सुचवले गेले होते. पुढील अभ्यासात त्याला भक्कम आधार मिळाला नाही, म्हणून लेखात मी ते मुद्दाम घेतले नाही.

दातांचा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. मगरीचा दात शंकूसारखा, भक्ष्य पकडून ठेवण्यासाठी बनलेला. सिमोसुकसचा दात लवंगेच्या आकाराचा, वर रुंद आणि चपटा, त्याच्या कडेवर एका ओळीत लहान लहान टोके. पाला खाणाऱ्या आजच्या इग्वाना सरड्यांचे दात याच धाटणीचे असतात. शिवाय तो एकटा नाही. मगरीच्या लुप्त नातलगांच्या दातांची गुंतागुंत मोजून २०१९ साली झालेल्या अभ्यासात असे दिसले की, या कुळात शाकाहार किमान तीन वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला.

मग त्याला सरडाच का म्हणू नये, असे आपण विचारले आहे. कारण नाते ठरते ते आहारावरून नव्हे, तर कवटीची जडणघडण, टाळू, मनगट अशा अनेक अवयवांचा एकत्र विचार करून. या कुळाची एक ठळक खूण म्हणजे मनगटातील लांबट झालेली दोन हाडे, आणि ती कोणत्याही सरड्यात आढळत नाहीत. सिमोसुकस आजच्या मगरीचा पूर्वज नव्हे, दूरचा भाऊबंद आहे. या कुळाचे वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आरंभीचे प्राणीही सडपातळ, लांब पायांचे आणि जमिनीवर धावणारे होते. पाण्यातले जगणे नंतरचे आहे. म्हणून आजच्या मगरीला संपूर्ण कुळाचा नमुना मानणे मला मान्य नाही.

‘मादागास्करच्या प्राण्याशी आपल्याला काय करायचे’, हे आपले वाक्य मात्र मला खटकले. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना जोडलेले होते, आणि तमिळनाडूतील कल्लामेडू येथे सिमोसुकसच्या दाताशी साम्य असलेला दात मिळाल्याची नोंद २०१३ मध्ये झाली आहे. आपल्या वरोऱ्याजवळील पिसदुऱ्याचे ‘लॅमेटा’ नावाचे खडकही डायनासोर युगाच्या अखेरच्या काळातले आहेत. तेथील जीवाश्म विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले, हे २००५ साली जगापुढे आले. एवढेसे दात मोठ्या हाडांच्या शोधात सहज निसटतात; ते मिळवायचे तर खडकाचा गाळ पाण्यात चाळून भिंगाखाली निवडावा लागतो. विदर्भातल्या खडकांत हे काम अधिक व्हावे, असे मला मनापासून वाटते.