‘चॅलेंज व्होट’ मागून मत मिळत नाही

निवडणूक लागली की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. आमच्या धारूर तालुक्यात तर प्रत्येक गावाच्या ग्रुपवर तो दिवसातून चार वेळा पडतो. मजकूर थोडक्यात असा: ‘यादीत नाव नसेल तर आधार किंवा मतदान कार्ड दाखवा, कलम ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा आणि मत द्या. तुमचं मत कुणी आधीच टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट पडले तर त्या केंद्रावर फेरमतदान होतं. लोकशाही वाचवा, सगळ्यांना पाठवा.’

निवडणूक आयोगानं हा मजकूर चुकीचा असल्याचं जाहीर सांगितलंय. पाठवणारे बहुतेक चांगल्या मनानं पाठवतात हे मला माहीत आहे, माझ्या घरातल्यांनीही पाठवलाय. पण याच्यामुळं माणसांचं मत बुडतं. म्हणून एकेक गोष्ट घेतो.

पहिली, नाव नसलं तरी मत देता येतं ही. देता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ६२ सरळ सांगतं, ज्याचं नाव यादीत नाही त्याला त्या मतदारसंघात मत नाही. हातात मतदान कार्ड असलं तरी नाही, कारण कार्ड ही ओळख आहे. हक्क यादीतल्या नावानं मिळतो. ४९अ तर कायद्याचं कलमही नाही. तो १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम आहे आणि मतदान यंत्र कसं असावं एवढंच त्यात लिहिलंय. चॅलेंजचा नियम ४९जे. तिथं चॅलेंज करतो तो पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर बसलेला उमेदवाराचा माणूस, तोही तुमच्याविरुद्ध. ‘हा माणूस तो नव्हेच’ असं म्हणून तो २ रुपये भरतो, मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात. तुम्ही खरे ठरलात तर मत देता, तोतया ठरलात तर पोलिसांच्या ताब्यात जाता. म्हणजे तोतयाला अडवायची तरतूद या मेसेजनं हक्क म्हणून लोकांच्या हाती दिलीय.

२० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानादिवशी, मी आमच्या शाळेतल्या केंद्रावर एजंट म्हणून बसलो होतो. दुपारी तांड्यावरची एक बाई आली. नवराबायको दिवाळी झाली की कोयता घेऊन कर्नाटकातल्या कारखान्यावर जातात. मुकादमाला विनवून, पदरचं भाडं घालून दोघं मतदानापुरते परत आले होते. नवऱ्याचं नाव यादीत होतं, हिचं नव्हतं. पुतण्यानं मोबाइल पुढं करून मेसेज दाखवला, ‘चॅलेंज व्होट द्या’ म्हणाला. केंद्राध्यक्षांनी दोनदा यादी चाळली आणि नाही म्हणून सांगितलं. बाई कार्ड पदराच्या गाठीला बांधत पायरीवर बसली. तिच्या बोटाला उसाच्या पानांनी कापलेल्या रेघा होत्या, शाई लागलीच नाही. संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत फडावर गेले.

नंतर कळलं, तिचं नाव ‘स्थलांतरित’ म्हणून कमी झालं होतं. इथं मला थांबून बोलायचंय, कारण बीड जिल्ह्यात हे एका बाईपुरतं नाही. ऊसतोडीला गेलेला माणूस स्थलांतरित ठरत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २०(१अ) म्हणतं की, राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला म्हणून कुणी तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. पाच-सहा महिने फडावर आणि पावसाळ्यात गावात, हे तात्पुरतंच आहे. शिवाय स्थलांतराच्या कारणानं नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, कलम २२ चं तसं बंधन आहे. पण नोटीस कुलूप लावलेल्या घराच्या दारावर चिकटवली, तर ती वाचणार कोण?

आणखी एक गोष्ट या मेसेजमध्ये कधीच नसते. केंद्रावर अनुपस्थित, स्थलांतरित, मयत अशी वेगळी यादी असते. मूळ यादीत नाव असेल आणि या यादीतही दिसलं, तरी मत जात नाही. ओळखपत्राची कसून तपासणी होते, सहीबरोबर अंगठाही घेतात आणि मत देऊ देतात. ‘तुमचं नाव त्या यादीत आहे, जा’ असं कुणी सांगितलं तर हलू नका.

टेंडर व्होटची ओळ मात्र खरी आहे. तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलं असेल, तर नियम ४९पी खाली टेंडर मत मिळतं. केंद्राध्यक्ष प्रश्न विचारून खात्री करतात, १७ब नमुन्यात सही घेतात. हे मत यंत्रावर पडत नाही. कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा आणि ती वेगळ्या पाकिटात जाते. मतमोजणीत ती मोजत नाहीत, म्हणून काहीजण ‘मग उपयोग काय’ म्हणतात. उपयोग पुढं कोर्टात होतो. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्याची जागा एका मतानं गेली, तेव्हा टेंडर मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. बोगस मतदानाचा तोच लेखी पुरावा आहे, म्हणून मागाच.

१४ टक्क्यांचा आकडा कुठून आला देव जाणे. कायद्यात तो कुठंच नाही. हजार मतं पडणाऱ्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे १४० टेंडर मतं, आणि केंद्राला टेंडरसाठी साधारण २० मतपत्रिका देतात. यंत्र फोडलं, पळवलं, बिघडलं, केंद्र बळकावलं किंवा निकाल बिघडेल अशी चूक झाली, तर १९५१ च्या कायद्याच्या कलम ५८ आणि ५८अ खाली आयोग फेरमतदानाचा निर्णय घेतो. टक्केवारीनं आपोआप काही घडत नाही. निवडच गैरमार्गानं झाली असं वाटत असेल तर आमदार-खासदाराविरुद्ध निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते, आपल्याला औरंगाबाद खंडपीठ आहे. ग्रामपंचायतीची मुदत फक्त १५ दिवसांची आणि अर्ज दिवाणी न्यायाधीशाकडे. ‘फेरमतदान होईलच’ या भरवशावर बसलेल्यांचे हे दिवस हातातून जातात.

खरं काम मतदानाच्या आधीचं आहे. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही. झेडपी-ग्रामपंचायतीला तर राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन वॉर्डात वाटतो, नवं नाव त्या टप्प्यावर चढत नाही. म्हणून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत, भादवा-अश्विनात, यादीचं चावडी वाचन मागा. नाव नसेल तर नमुना ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, भरा, पोच घ्या. सरपंच आणि सदस्यांना ग्रामसभेत उभं करून विचारा, की तांड्यावरची किती नावं कमी झाली आणि नोटीस कुणाच्या हातात दिली. उचल कुणी किती घेतली हे मुकादमाच्या वहीत पक्कं असतं. गावात कोण राहतं हे सदस्यांनाही तेवढंच ठाऊक असतं, मतं मागायला ते त्याच घरात येतात.

त्या बाईचा नमुना ६ आम्ही पावसाळ्यात भरला. नवं नाव नवऱ्याच्या खालीच आलंय. यादीचं ते पान मी तिच्या पुतण्याला पाठवलं आणि ग्रुपवर त्या मेसेजच्या जागी तेच टाकायला सांगितलं.