धोलेऱ्याची चिप आणि खिशातला क्वांटम फोन

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक संदेश जोरात फिरतोय: ‘क्वांटम संगणक आता साध्या ट्रान्झिस्टरवर चालतो. धोलेऱ्याचा कारखाना सुरू झाला की क्वांटम फोन येईल आणि सगळे पासवर्ड फुटतील.’ अकरावी-बारावीची मुलं तो खरा धरून चालली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते. (धोलेरा म्हणजे गुजरातमधलं चिप कारखान्याचं ठिकाण.)

‘साधा ट्रान्झिस्टर.’ हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार देखणं आहे. सिलिकॉन, त्यावर ऑक्साइडचा पातळ थर, वर गेट, घडण ओळखीचीच. पण फोनमधला ट्रान्झिस्टर प्रवाह सोडतो किंवा अडवतो, एवढंच त्याचं काम. क्वांटम चिपमध्ये गेटच्या व्होल्टेजने एकच इलेक्ट्रॉन कोंडतात, चुंबकीय क्षेत्रात त्याच्या स्पिनच्या (इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकासारख्या गुणाच्या) दोन दिशांना ० आणि १ मानतात आणि मायक्रोवेव्हचा मोजून-मापून झटका देऊन तो वळवतात. क्वांटम डॉटमधल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडायच्या अशा इवल्या जागेतल्या, स्पिनची ही कल्पना लॉस आणि डिव्हिन्सेन्झो या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडली. वाचायची युक्ती तर बघाच. एका स्पिनचं चुंबकत्व इतकं क्षीण की ते थेट मोजणं महाकठीण. म्हणून जास्त ऊर्जेच्या स्पिनचाच इलेक्ट्रॉन बाहेर निसटेल अशी व्होल्टेज लावतात. तो गेला की नाही, हे शेजारचा संवेदक विद्युतभारावरून सांगतो.

‘फोनमध्ये येईल.’ नाही येणार. बरेचसे प्रयोग ०.१ केल्विनच्याही खाली चालतात (० केल्विन म्हणजे सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस). २०२० मध्ये सिडनी आणि डेल्फ्टच्या गटांनी १ केल्विनच्या वर क्युबिट, म्हणजे ० आणि १ धरणारे असे स्पिन, चालवून दाखवले. मजल मोठी, तरी तापमान उणे २७२ अंशांच्या आसपासच! शिवाय नैसर्गिक सिलिकॉनमध्ये सुमारे ४.७ टक्के सिलिकॉन-२९ (सिलिकॉनचाच जरा जड अणू) असतं. त्याच्या अणुकेंद्रांचा स्पिन इलेक्ट्रॉनची अवस्था बिघडवतो, म्हणून शुद्ध केलेलं सिलिकॉन-२८ वापरतात.

‘सगळे पासवर्ड.’ धोका आहे तो आरएसएसारख्या, माहिती कुलूपबंद करणाऱ्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतींना. त्या मोडायला लाखो क्युबिट लागतील असे अंदाज आहेत. इंटेलच्या २०२३ च्या टनेल फॉल्स चिपवर १२ आहेत. क्वांटम संगणकापुढे टिकाव्यात अशा पर्यायी पद्धतींची मानकं अमेरिकेत २०२४ मध्येच जाहीर झाली.

‘धोलेरा.’ टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीचा हा प्रकल्प २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्राच्या नेहमीच्या चिपांसाठी आहे. मात्र टनेल फॉल्सही ३०० मिलिमीटरच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर), चिप कारखान्यातल्याच यंत्रांनी बनली. म्हणून ज्या मुलांना या वाटेने जायचंय त्यांनी वेफरवरची प्रक्रिया, अतिशीत तंत्र आणि मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स आतापासूनच मन लावून शिकावं. यातली वेफरवरची प्रक्रिया तर दोन्हीकडे लागते.