गलाईवाल्यांनो, पाइप आमच्याच कूलरकडे वळवा

गल्लीत गलाईची, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायची भट्टी टाकताय? अवश्य टाका. जळगावला सुवर्णनगरी म्हणतातच, आता हवेलाही थोडा रंग येऊ द्या. परवा संध्याकाळी आमच्या जिन्यात आला होता तसा, तपकिरी.

जागा तळमजल्याची बघा. वर बिऱ्हाडं हवीत.

काम नेहमीचंच. बावीस कॅरेटच्या मोडीत, म्हणजे जुन्या दागिन्यांत, चांदी घालून सोन्याचा वाटा चौथाईवर आणा, वितळवून पाण्यात ओता, दाणे पाडा, नायट्रिक आम्लात उकळा. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी सोन्याची तांबूस भुकटी राहते. धुरासाठी एक्झॉस्ट फॅन पुरे.

स्क्रबर, म्हणजे धूर धुणारा टॉवर, तपासणीपुरता ठेवा. त्यात नळाचं पाणी भरा, कॉस्टिक सोडा कशाला? धुरातला तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड पाण्याने थोडाफार तरी धरला जातो. बिनरंगी नायट्रिक ऑक्साइड मात्र पाण्याला दाद देत नाही. बाहेर हवा लागली की तोही तपकिरी होतो. म्हणून तर रिंगा भरलेला टॉवर, त्यात फिरतं कॉस्टिक, जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड. आणि तेजाब, म्हणजे ते नायट्रिक, थोडं थोडं घालायचं. एकदम ओतलं की फसफसून लोट उठतो, तो टॉवरला झेपत नाही. हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. तरी कॉस्टिक फिरवणारा पंप बंद. का? तर म्हणे आवाज होतो!

झारेकरीबुवा, सोनाराच्या केरातलं सोनं पाऱ्यात धरलंत? मग पारा उघड्या मुशीतच, वितळवायच्या भांड्यातच, उडवा, ३५७ अंशाला उकळतो. बंद भांड्यात, रिटॉर्टमध्ये, तो थंड होऊन परत मिळतो, पण फुकटचा पारा कोणाला हवाय! पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ चा, भारताने २०१८ मध्ये मान्य केला. मुशीला कुठे वाचता येतं.

विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्टीवर उतरली की उरलेलं निळं पाणी थेट गटारात. लोखंडी भंगार टाकलं तर तांबं सुटतं, चुन्याने आम्ल मरतं. पण गटार जवळ आहे ना.

अरे भो, तो तपकिरी वायू हवेपेक्षा जड असतो! वर जात नाही, जिन्यात साचतो. दम कधी कधी कित्येक तासांनी लागतो, फुप्फुसात पाणी भरतं, तोवर संध्याकाळचा धूर कोणाच्या लक्षातही नसतो. कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो, आणि वैशाखात इथे कूलर बंद ठेवणार कोण? रती-रतीचा हिशेब ठेवता, मग कॉस्टिकच्या गोणीला हात का आखडता? पंप चालू करा. स्क्रबरच्या पाण्यात आम्ल ओळखणारी पीएच पट्टी रोज बुडवून बघा. आणि तो धुराचा पाइप आजच्या आज आमच्या खिडकीवरून काढा.