डोक्याला मार लागलेल्या मुलाला ‘ऊठ, खेळ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘रग्बी विरुद्ध फुटबॉल : मुलाला मर्द बनवायचं असेल तर वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो सोसायटीच्या ग्रुपवरून आला, शाळेच्या ग्रुपवरून आला आणि शेवटी घरच्या ग्रुपवरूनही आला. त्यात सहा मुद्दे आहेत. एक, १८२३ साली एका मुलाने चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि रग्बी जन्माला आली, म्हणजे रग्बी हा फुटबॉलचा सुधारलेला अवतार. दोन, रग्बी सभ्य घरच्यांचा खेळ, फुटबॉल मजुरांचा. तीन, फुटबॉलचे प्रेक्षक दंगेखोर, रग्बीचे शांत. चार, फुटबॉलवाले लागल्याचं नाटक करतात, रग्बीवाले कधीच नाही. पाच, रग्बीपटू डोक्याला मार लागला तरी उठून खेळतो, म्हणून पालकांनी लाड न करता मुलाला दोन मिनिटांत परत मैदानात पाठवावं. फारच भीती वाटली तर अमेरिकन खेळाडूंसारखं हेल्मेट घालावं. सहा, अनवाणी खेळतात म्हणून भारताला १९५०च्या वर्ल्ड कपमधून बाहेर काढलं.

पाचवा मुद्दा नसता तर मी लिहायला बसले नसते. म्हणून तोच आधी घेते.

माझ्या ताईचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. गंगापूर रोडकडच्या एका मैदानावर रग्बीच्या प्रॅक्टिसला जातो. परवा टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडताना, त्याचं डोकं समोरच्या मुलाच्या गुडघ्यावर आपटलं. शुद्ध गेली नाही. घरी चालत आला. संध्याकाळी उलटी झाली आणि ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना सहन होईना. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली. पाठोपाठ हा मेसेज आला आणि भाऊजींनी तो ताईला वाचून दाखवला, “बघ, खरे खेळाडू असे असतात. शनिवारपासून जाऊ दे त्याला.” मी शाळेत खेळ शिकवते. मुलांना घाम गाळायला लावणं, पडून उठायला शिकवणं हेच माझं रोजचं काम आहे. तरीही सांगते, हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्याने थांबलं किंवा वळलं की मेंदू आतल्या आत हलतो आणि त्यातले मज्जातंतू ताणले जातात. यासाठी रक्त यावं लागत नाही, टेंगूळ यावं लागत नाही, आणि बहुतेक वेळा शुद्धही हरपत नाही. लक्षणं काही तासांनी दिसू शकतात. सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ येतो, कारण तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दाखवतो, हा ताण दाखवत नाही. म्हणूनच ‘दोन मिनिटांत बरं वाटलं’ याला काडीचाही अर्थ नाही. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येते. हे फार कमी वेळा घडतं, पण घडतं ते मुख्यतः लहान वयात.

२०११ च्या जानेवारीत उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात हे भोगून गेला. टक्कर झाली, मैदानातच त्याला तपासलं, तो खेळत राहिला. पुन्हा मार लागला, तरी खेळत राहिला. सामना संपता संपता कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. २०१३ मध्ये अधिकृत चौकशीत मृत्यूचं कारण लागोपाठ बसलेला दुसरा हादरा असं नोंदवलं गेलं. मेसेजमध्ये ज्याला मर्दपणा म्हटलंय, तो त्या पोराने अगदी तंतोतंत दाखवला होता.

त्याच्या वडिलांनी नंतर जी मोहीम चालवली, तिच्यामुळे तिकडे सगळ्या खेळांना मिळून एकच नियम शिकवला जाऊ लागला: शंका आली की बाहेर बसवा. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक सूचना निघाली, तिच्यात त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचंच नाही, पहिले २४ ते ४८ तास विश्रांती आणि २१ दिवसांच्या आत सामना नाही, असं स्पष्ट लिहिलंय. फ्रान्समध्ये २०१८ साली तरुण खेळाडूंचे मृत्यू झाले, तेव्हा हौशी रग्बीत टॅकल कमरेपर्यंत खाली आणला गेला. इंग्लंडनेही २०२३ मध्ये हौशी खेळात तो छातीच्या खाली आणला. म्हणजे ज्या खेळाच्या नावाने हा मेसेज छाती ठोकतोय, त्या खेळाने स्वतः ही बढाई कधीच सोडून दिली आहे. उलट डोक्याच्या माराबाबत रग्बी आज फुटबॉलच्या पुढे आहे, कारण वरच्या पातळीवरच्या रग्बीत खेळाडूला तात्पुरतं बाहेर काढून शांतपणे तपासता येतं आणि तोवर बदली खेळाडू खेळतो. फुटबॉलमध्ये अजून तशी तात्पुरती बदली नाही. रग्बीची बाजू घ्यायची होती तर हे लिहायचं होतं.

हेल्मेटचं तर अगदीच उचलली जीभ लावली टाळ्याला. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. आतला मेंदू हलणं ते थांबवत नाही. रग्बीतली मऊ टोपी कान सोलवटण्यापासून वाचवते, तेवढंच तिचं काम. हेल्मेट घालून खेळणाऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंचं काय झालं ते बघा. बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एनएफएल या त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले आणि ११० जणांत सीटीई हा वारंवार बसलेल्या हादऱ्यांनी होणारा आजार सापडला. हे मेंदू बहुतांशी लक्षणांची शंका असलेल्या कुटुंबांनी दान केलेले होते, त्यामुळे ‘प्रत्येकालाच होतो’ असा अर्थ कुणी काढू नये. पण हेल्मेट घातलं की डोकं सुरक्षित, हे म्हणायला यानंतर जागा उरत नाही.

आणि फुटबॉलवाल्यांनीही गालात हसू नये. ग्लासगो विद्यापीठातले मेंदूविकारांचे अभ्यासक विली स्ट्युअर्ट यांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना २३ हजारांवर सामान्य लोकांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीनपट निघालं. पुढच्या अभ्यासात गोलकीपरांमध्ये ते जवळपास सामान्यांइतकंच दिसलं आणि बचावपटूंमध्ये सगळ्यांत जास्त. हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, कोण जास्त मारतं हे मैदानावर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्याच स्ट्युअर्टनी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंचा अभ्यास केला, तिथे धोका अडीचपटीहून जास्त आला. दोन्ही खेळांना एकाच माणसाने, एकाच देशात, जवळपास एकाच पद्धतीने मोजलंय. यातून कोणता खेळ ‘मर्दांचा’ ते ठरत नाही. डोकं दोन्हीकडे तेवढंच नाजूक आहे, एवढं मात्र ठरतं. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या मुलांना सरावात हेडर मारायला लावणं बंद केलं. नाशिकमध्ये मात्र आठ-नऊ वर्षांच्या पोरांना ओळीत उभं करून डोक्यावर चेंडू फेकणारे कोच मी आजही बघते.

२०१९च्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: हृदयविकाराने होणारे मृत्यू फुटबॉलपटूंमध्ये कमी होते. तेव्हा मुलांचा खेळ बंद करा असं मी म्हणत नाहीये. खेळू द्या. मार लागला की बसवा, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हाच परत सोडा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणं, झटके, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता उरलेले मुद्दे.

१८२३ ची गोष्ट. विल्यम वेब एलिसने इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या शाळेत चेंडू उचलून धाव घेतली हे छापून आलं १८७६ मध्ये. तोवर एलिस जाऊन चार वर्षं झाली होती आणि लिहिणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. १८९५ मध्ये शाळेच्याच माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली, एकही प्रत्यक्षदर्शी मिळाला नाही. रग्बी वर्ल्ड कपच्या करंडकाला त्याचं नाव दिलंय म्हणून गोष्ट खरी होत नाही. खरं तर त्या काळी प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता, कुठे हात चालायचा, कुठे नाही. १८६३ मध्ये लंडनमध्ये नियम एकत्र करायला बैठका झाल्या आणि भांडण पेटलं ते विशेषकरून एका गोष्टीवर: समोरच्याच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारायची की नाही. ब्लॅकहीथ क्लबच्या कॅम्पबेलने सांगितलं, लाथ बंद केलीत तर खेळातलं धैर्यच संपेल, मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचसुद्धा तुम्हाला हरवतील. ब्लॅकहीथ बाहेर पडला. पुढे १८७१ मध्ये ज्या क्लबांनी रग्बीची संघटना काढली त्यांत ब्लॅकहीथ होताच, आणि त्या संघटनेने पहिल्याच नियमावलीत ही लाथ बंद केली. मर्दपणाचा हाच युक्तिवाद दीडशे वर्षांपूर्वी रग्बीनेच टाकून दिला होता, आणि आज तो आमच्या पालकांच्या ग्रुपवर नवा शोध म्हणून फिरतोय.

सभ्यांचा खेळ आणि मजुरांचा खेळ. हे वाक्य लिहिणाऱ्याला वेल्सचे खाणकामगार ठाऊक नसावेत. यॉर्कशर आणि लँकशरच्या गिरणी-खाणीतले कामगार शनिवारचा पगार बुडवून रग्बी खेळायचे. बुडालेला रोज भरून द्या म्हटल्यावर लंडनची साहेब मंडळी नाही म्हणाली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब फुटून निघाले. आजची १३ जणांची रग्बी लीग तिथून आली. १५ जणांच्या रग्बीने खेळाडूला उघडपणे पैसे देणं मान्य केलं ते थेट १९९५ मध्ये. कामगाराने खेळाचे पैसे मागणं यात असभ्य काय आहे, हे मला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी संपवून मैदानावर येणाऱ्या पोरांकडे बघून कधीच कळलेलं नाही.

प्रेक्षकांबद्दल अर्धं खरं आहे आणि ते मान्य करते. रग्बीत दोन्ही बाजूंचे लोक शेजारी-शेजारी बसतात, फुटबॉलमध्ये अनेक ठिकाणी पोलिसांना मधे उभं राहावं लागतं. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हायसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी केलेल्या हल्ल्यानंतर ३९ जण गेले, हा कलंक पुसता येणार नाही. पण मेसेजमध्ये ‘दंगेखोरी’ म्हणून फोटो जोडलाय तो इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमचा, १९८९चा. हे संतापजनक आहे. तिथे ९७ माणसं गेली ती पोलिसांनी गर्दी चुकीच्या ठिकाणी सोडल्यामुळे. प्रेक्षकच दारू पिऊन घुसले, असं खोटं पसरवलं गेलं आणि ते पुसायला कुटुंबांना २७ वर्षं झगडावं लागलं. २०१६ मध्ये ज्युरीने मृत्यू बेकायदेशीर ठरवले आणि प्रेक्षकांना पूर्ण निर्दोष म्हटलं. तेच खोटं आता मराठीत आलंय.

नाटकाबद्दल. फुटबॉलमध्ये पडण्याचं नाटक होतं, त्यासाठी पिवळं कार्ड आहे, मला ते अजिबात आवडत नाही. पण ‘रग्बीवाले कधीच नाही’? २००९ मध्ये इंग्लंडच्या हार्लेक्विन्स क्लबच्या खेळाडूने लेन्स्टरविरुद्धच्या सामन्यात तोंडात खोट्या रक्ताची कॅप्सूल फोडली, कारण रक्त आलं की बदली खेळाडू आत आणता येतो. नंतर ते लपवायला त्याचा ओठ खरोखर कापून घेतला. प्रशिक्षकावर तीन वर्षांची बंदी आली. रेफ्रीला ‘सर’ म्हणण्याची आणि फक्त कॅप्टनने बोलण्याची रग्बीतली शिस्त मात्र खरी आहे. युरो २०२४ मध्ये फुटबॉलनेही फक्त कॅप्टनने बोलण्याचा नियम उचलला. चौदा वर्षांखालच्या सामन्यात सीमारेषेवरून पंचाला शिव्या देणारे आपल्याकडचे वडील बघितले की वाटतं, रग्बीची एवढी एकच गोष्ट भाऊजींनी फॉरवर्ड केली असती तर बरं झालं असतं.

१९५०चं काय? बंदी कुणीच घातली नव्हती. भारत पात्र ठरला होता, न जाण्याचा निर्णय आपल्याच महासंघाने घेतला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले आणि फ्रान्सविरुद्ध १-२ असा निसटता पराभव झाला. याचा रग्बीशी संबंध काय, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.